तोंड आलं की आधी गोळ्यांची पिशवी बघा

आत्ताच मेडिकलमधून आलेय. डोकं इतकं फिरलंय की चहासुद्धा न टाकता लिहायला बसलेय.

माझ्यापुढे एक आजी होत्या. "तोंड आलंय रे बाळा, चार दिवस घास जात नाही." काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता बी-कॉम्प्लेक्स आणि एक जेल सरकवलं. "उष्णता आहे आजी, ताक प्या." बाकी औषधं कोणती चालू आहेत? एका शब्दाने विचारलं नाही!

माझ्या आईलाही 'उष्णता'च झाली होती. आम्हीच ठरवलं तसं. गुलकंद, तूप-हळद, जाईची पानं, सगळं केलं. तिला भाताची पेजही झोंबायची. वाटी हातात धरून नुसती बसायची.

आमवातासाठी तिला मेथोट्रेक्सेट दिलं होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच, बाकीचे दिवस फॉलिक ॲसिड. दोन्ही पिवळ्या, दोन्ही चिमुकल्या. आईने अदलाबदल केली. नऊ दिवस! चिठ्ठीवर इंग्रजीत खरडलेलं 'वन्स वीकली'. आयुष्यभर दुधाचा हिशेब मराठीत लिहिणाऱ्या बाईने ते वाचायचं कसं? 'फक्त रविवारी' एवढं लिहायला किती शाई लागते?

हे औषध पेशींना फॉलिक ॲसिड वापरू देत नाही. भराभर नव्या होणाऱ्या पेशी आधी मार खातात, म्हणजे तोंडातलं अस्तर आणि हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं. आईला ताप चढला तेव्हा पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या होत्या. ल्यूकोव्होरिनची, म्हणजे या औषधावरच्या उताऱ्याची, इंजेक्शनं देऊन वाचवली तिला. आणि मी तिला गुलकंद भरवत होते.

मान्य, दरवेळी औषधच नसतं. गाल चावला जातो, बी-१२ कमी असतं. औषधही वाईट नाही, आईची आखडलेली बोटं त्यानेच सुटली. पण तोंड आलं आणि ही गोळी चालू असेल, तर पुढची घेण्याआधी डॉक्टरांना गाठा. छातीत दुखण्यावरच्या निकोरॅन्डिलनेही तोंडात जखमा होतात, त्याचंही डॉक्टरांना विचारा. मनानेच बंद करू नका.

आजींना मी विचारलं. "सांध्यांची एक आहे, बारीकशी." रोज घेता? त्या गप्पच. आईसारखाच चेहरा झाला त्यांचा.

त्यांच्या सुनेला तिथूनच फोन लावला. पट्टीचा फोटो पाठवते म्हणालीय.

अजून आला नाही.