आजीला गप्प बसवू नका

“लेकराशी दिवसभर बोलत राहा, नाहीतर भाषा कच्ची राहील.” हा सल्ला आता आपल्या जळगाव-धुळ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरही फिरतोय. सल्ला वाईट नाही. पण कापूस वेचणारी माय पोराचं जणू वाटोळंच करतेय, अशा थाटात तो दिला जातो, ते मला खटकतं.

याचं मूळ बरंचसं अमेरिकेतलं. कॅन्ससमध्ये हार्ट आणि रिस्ली या दोघा संशोधकांनी ४२ घरांत महिन्यातून तासभर बसून आईबाप लेकराशी काय बोलतात ते टिपलं. १९९५ साली पुस्तक आलं आणि ‘गरिबाचं मूल शाळेत जायच्या आधीच ३ कोटी शब्द कमी ऐकतं’ हा आकडा जगभर गाजला. त्या ४२ मध्ये सरकारी मदतीवर जगणारी घरं होती फक्त ६! आणि मोजले ते मुख्यतः लेकराला उद्देशून बोललेले शब्द.

आता आपल्याकडचा ओटा बघा. आजी तुरीच्या शेंगा सोलतेय, शेजारीण कापसाच्या भावावरून व्यापाऱ्याला शिव्या घालतेय, मधोमध दीड वर्षाचं पोरगं टरफलं तोंडात घालतंय. त्याच्याशी कोणी फारसं बोलत नाही. मध्येच आजी आपल्या अहिराणी बोलीत विचारते, “तुन्हा बाप कोठे गया रे?” ते शेताकडे बोट दाखवतं, बाया हसतात, की पुन्हा भाव सुरू. मोजणाऱ्याच्या वहीत यातले पाचच शब्द पडतील.

बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांत तर चार वर्षांखालच्या मुलाशी थेट बोलणं तासाला मिनिटभरही भरत नाही. पापुआ न्यू गिनीतल्या कालुली आया तान्ह्याचं तोंड लोकांकडे करून धरतात आणि त्याच्या वतीनं बारीक आवाजात स्वतःच बोलतात. तिथली पोरंही बोलायला शिकतातच की.

मला खरी काळजी शहरातल्या फ्लॅटची वाटते. “बेटा, शूज घाल. हॅण्ड वॉश कर. फिनिश कर पटकन.” दिवसभर नुसते हुकूम. गावाहून आजी आली की तिला बजावायचं, “आई, त्याच्यासमोर अहिराणी नका बोलू, शाळेत अडचण होते.” मग ती बिचारी टीव्हीसमोर बसून राहते. घरात गोष्ट सांगणारं एकच माणूस, त्याचंच तोंड बंद केलं, आणि नंतर स्पीच थेरपीची चौकशी करायची!

नंदुरबारकडची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन गुजरातेत जातात, सोबत लेकरंही. आईबाप पहाटेपासून फडात, धाकटं पाचटावर, आणि सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. तिथे ‘मुलाशी अधिक बोला’ हे कोणाला सांगणार? त्या बाईला बोलता येत नाही असं नाही, उसंतच नाही. आणि गावात राहिली तरी काय? अंगणवाडीतली शाळा तीन वर्षांपुढच्या पोरांची, त्याहून लहान असेल तर आहाराची पाकिटं घरी मिळतात. कापसाच्या वेचणीत त्या दोन वर्षांच्या पोराला दिवसभर ठेवायचं कुठे, याची सोय गावोगाव व्हायला हवी. पाळणाघर, निदान वेचणीचे महिने तरी. मागणी करायची तर ही करा, मायला उपदेश नको.