मुलांना खोटारडं ठरवण्याआधी

मुलाचं वजन वाढत नसलं किंवा फारच वाढलं की ठरलेला प्रश्न येतो, "काल दिवसभरात काय काय खाल्लंस?" मूल आधी आईच्या तोंडाकडे बघतं आणि मग सांगतं. त्या उत्तरावरून कॅलरी मोजल्या जातात. आकडा वजनाशी जुळला नाही की मोठी माणसं म्हणतात, "खोटं बोलतोय." मला याचा मनापासून राग येतो.

सुझान बॅक्स्टर या संशोधिकेने अमेरिकेतल्या चौथीच्या मुलांवर बरीच वर्षं काम केलं. शाळेत मुलं जेवताना निरीक्षक बघून नोंद करायचे आणि नंतर त्याच मुलांना विचारलं जायचं. मुलं खाल्लेले पदार्थ विसरत होतीच, पण न खाल्लेलेही सांगत होती! खाणं आणि विचारणं यांत जितका कमी वेळ, तितकं उत्तर बरोबर. म्हणजे "काल"बद्दल आज सकाळी विचारण्यापेक्षा दुपारी "आत्तापर्यंत काय खाल्लंस" असं विचारलेलं बरं. प्रश्नाची वेळ तर आपणच ठरवतो ना?

साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला हे नीट सांगताच येत नाही. वेळेचा अंदाज नसतो, "किती" हे तर त्याहून अवघड. तेव्हा आईवडिलांना विचारतात. घरातलं ते ठीक सांगतात, पण शाळेत किंवा पाळणाघरात काय पोटात गेलं ते त्यांना कुठून कळणार?

दहा-बाराव्या वर्षी आठवण बरीच पक्की होते, पण तिथून वेगळीच अडचण सुरू होते. शरीरातला खरा ऊर्जाखर्च मोजायची एक पद्धत आहे. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देतात, आणि ते दोन्ही कोणत्या वेगाने बाहेर पडतात हे पुढचे काही दिवस लघवीतून तपासतात. त्या मोजमापाशी ताडून पाहिलं तर किशोरवयीन मुलांनी सांगितलेलं खाणं बऱ्याचदा कमी भरतं, आणि वजन जास्त असलेल्यांचं आणखी कमी. मोठ्यांचंही तसंच होतं, हे इथे मुद्दाम सांगते. ज्या मुलाला प्रत्येक घासावर टोमणा ऐकावा लागतो, ते सगळं खरं का सांगेल? माझ्या मते हे कमी भरणं बऱ्याच अंशी आपण मोठ्यांनीच शिकवलेलं असतं.

म्हणून डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे. एका दिवसाच्या उत्तरावर मुलाचा निकाल लावू नका. वेगवेगळ्या दिवशी विचारा, त्यात एखादा सुट्टीचा दिवसही असू द्या. "किती" विचारताना मुलांच्या मापाच्या ताटल्यांचे फोटो दाखवा. आणि पालकहो, मूल सांगत असताना मध्ये बोलू नका, भुवयासुद्धा उंचावू नका. त्याचं सांगून झालं की मग हवं तर तुमचं सांगा.