नारळावर हात ठेवला की दारू सुटते म्हणे

सध्या गावच्या, वाडीच्या, मुंबईकर मंडळाच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. दारू सोडायला डॉक्टर नि गोळ्या कशाला, देवळात नारळावर हात ठेवून शपथ घ्या, माळ घाला, त्याच दिवशी सुटते. अमेरिकेतले एएवाले (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना) पण देवाच्याच नावावर सोडवतात. आणि परत प्यायला तर समजायचं श्रद्धा कच्ची.

"त्याच दिवशी" हे सगळ्यात डेंजर. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाने सोमवारी देवापुढे गाऱ्हाणं घालून एकदम बंद केली की रात्रीपर्यंत हात थरथरायला लागतात, घाम, झोप नाही, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि काहींना बुध-गुरुवारकडे नको ते दिसायला लागतं, भिंतीवर किडे, दारात माणसं, ओळख पटत नाही, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. आणि आपल्याकडे काय होतं, तर बाहेरचं लागलं, देवस्की आहे, राखणदार कोपला, म्हणून भगताकडे नेतात आणि हातातले तास तिथे घालवतात. अरे बाबांनो, त्याला हॉस्पिटलात व्हिटॅमिन बी-वनचं इंजेक्शन, सलाईन आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या हव्या असतात, अंगारा नंतर लावा ना, कोण नाही म्हणतंय!

आता एए. ती सुरू करणाऱ्या बिल विल्सनला देवाचा अनुभव आला 1934 च्या डिसेंबरात, आणि कुठे, तर न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात दारूवर उपचार चालू असताना. 1935 मध्ये त्याच्याबरोबर एए सुरू करणारे बॉब स्मिथ स्वतः सर्जन. एएच्या दारू सोडायच्या बारा पायऱ्यांत देव आहे, पण ज्याला जसा उमगेल तसा, कुठलं देऊळ ठरवून दिलेलं नाही. आणि एएचा उपयोग होतो, हे मी पण म्हणतो, वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास पाहिले तर वर्षभर पूर्ण बंद ठेवण्यात एएकडे नेणारे कार्यक्रम समुपदेशनापेक्षा थोडे सरसच निघाले. पण ती तुलना समुपदेशनाशी होती, अंग थरथरत असताना द्यायच्या औषधांशी नाही.

माळेचं म्हणाल तर तिचा फायदा मी पाहिलाय, संध्याकाळी सातला जो गुत्त्याकडे वळायचा तो भजनात टाळ घेऊन बसतो, पिणारी सोबत सुटते, आणि एएत पण बराचसा फायदा या सोबत बदलण्यातूनच होतो असं संशोधक सांगतात.

आणि म्हणूनच ते "श्रद्धा कच्ची" मला सगळ्यात जास्त खटकतं. परत पिणं या आजारात कॉमन आहे, बीपीची गोळी चुकली की बीपी वाढतं तसं. पण माळ घातलेला माणूस शिमग्याला घसरला की लाजेने भजनाला यायचा बंद होतो, मंडळी पण बोलवत नाहीत, मग उरतो कोण, परत गुत्तेवालाच. त्याला दुसऱ्या दिवशी घरी जाऊन टाळ हातात द्यायला पाहिजे आणि डॉक्टरकडे पण न्यायला पाहिजे.

रत्नागिरीत सरकारी मनोरुग्णालय आहे, फोनवर बोलायचं तर सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस 14416 किंवा नशामुक्तीचा 14446, दोन्ही फुकट. नारळ ठेवायचाच असेल तर डॉक्टरला दाखवून आल्यावर ठेवा.