गुरूचा फोटो काढायला 150 फ्रेमचा कॅमेरा लागत नाही

आकाश बघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: ग्रहांचे फोटो काढायचे तर सेकंदाला किमान 150 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, देणारा यूएसबी 3 (वेगवान वायरीचा) कॅमेराच घ्या. 30 फ्रेमच्या कॅमेऱ्यात हवेची थरथर गोठत नाही. फ्रेम पाचपट, तर फोटोही पाचपट चांगला. आणि तेवढं बजेट नसेल तर फोटोच्या नादी लागू नका.

हे वाचून आमच्या गावातला, यवतमाळ जिल्ह्यातला, नववीतला एक मुलगा माझ्याकडे आला. यंदा कापूस विकल्यावर घरच्यांनी त्याला जुना, कमी वेगाच्या वायरीचा यूएसबी 2 कॅमेरा घेऊन दिला होता. "सर, विकून टाकू का जी?" म्हणाला. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक ‘थरथर गोठत नाही’ यात आहे. फ्रेम रेट म्हणजे सेकंदात कॅमेऱ्याचं दार किती वेळा उघडतं, आणि एक्सपोजर म्हणजे दर खेपेला ते किती वेळ उघडं राहतं. थरथर गोठते ती एक्सपोजर लहान ठेवल्याने. 30 फ्रेमच्या कॅमेऱ्यावरही 8 मिलिसेकंदांचं एक्सपोजर ठेवता येतं. उलट 8 मिलिसेकंदांवर महागडा कॅमेराही 125 फ्रेमच्या वर जाऊ शकत नाही, कारण सेकंदात मिलिसेकंदच हजार. शनीवर तर सूर्यप्रकाश गुरूच्या एक तृतीयांशाहूनही कमी पडतो. तिथे एक्सपोजर 30 मिलिसेकंदांपर्यंत न्यावं लागलं की सगळेच कॅमेरे 33 फ्रेमवर येऊन थांबतात.

‘पाचपट फ्रेम, पाचपट फोटो’ हेही खरं नाही. ग्रहाचा व्हिडिओ घेऊन त्यातल्या फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढली की चित्रातला दाणेदारपणा फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो. म्हणजे पाचपट फ्रेमचा फायदा साधारण सव्वादोन पट. तो खराच आहे, पण दुसऱ्या वाटेनेही मिळतो. गुरू 9 तास 55 मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्याच्या मध्यावरचा ठिपका तीन मिनिटांत जवळपास पाऊण आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकतो, आणि 150 मिलिमीटरच्या दुर्बिणीची तपशील वेगळे दाखवण्याची मर्यादाही साधारण तेवढीच. म्हणून एक व्हिडिओ तीन मिनिटांचा ठेवायचा आणि असे पाच व्हिडिओ लागोपाठ घ्यायचे. विनज्युपॉस हे फुकट सॉफ्टवेअर त्यांतलं गुरूचं फिरणं उलटं फिरवून जुळवून देतं. 30 फ्रेमने पंधरा मिनिटं म्हणजे 27,000 फ्रेम, आणि 150 फ्रेमने तीन मिनिटं म्हणजेही 27,000.

आता त्या मुलाच्या कॅमेऱ्याचं सांगतो. 1200 मिलिमीटर फोकल लेंथची दुर्बीण, दुप्पट बार्लो (चित्र मोठं करणारं जोडभिंग), 3.75 मायक्रॉनचे पिक्सेल. लॅपटॉपवर 1280 बाय 960 ची पूर्ण चौकट उघडली, तर मधोमध उकळत्या पाण्यात पडल्यासारखा डुचमळणारा गुरू, जेमतेम 145 पिक्सेल रुंदीचा. बारा लाखांवर पिक्सेलपैकी गुरूचे सोळा हजार. बाकी सगळा काळोख, आणि वायर तो काळोखच वाहून नेत होती! चौकट 320 बाय 240 केली, म्हणजे डेटा सोळावा हिस्सा झाला, तसा फ्रेमचा आकडा 34 वरून 110 वर गेला. पोरगा कितीतरी वेळ त्या आकड्याकडेच बघत होता. (दुर्बिणीला मोटर नसेल तर 640 बाय 480 ठेवा, नाहीतर ग्रह चार-पाच सेकंदांत चौकटीबाहेर जातो.)

एक गोष्ट मान्य करतो. साध्या वेबकॅमला चौकट हवी तशी कापता येत नाही आणि तो चित्र दाबून पाठवतो. त्यात बारीक तपशील मरतो. पण तो दोष दाबण्याचा आहे, 30 या आकड्याचा नाही. 2000 नंतरच्या काही वर्षांत फिलिप्सच्या टूकॅम वेबकॅमवर जगभरच्या हौशी लोकांनी ग्रहांचे सुंदर फोटो काढले, तेही यूएसबी 1.1 च्या अरुंद वायरीतून, बहुतेक वेळा सेकंदाला 5 ते 10 फ्रेम घेऊन, कारण त्याच्या वर गेलं की तोही चित्र जास्त दाबायचा.

राहिलं बजेटचं आणि नादी न लागण्याचं. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ग्रहांच्या फोटोत फरक पाडते ती हवा. 10 जानेवारी 2026 च्या प्रतियुतीला (म्हणजे पृथ्वीवरून गुरू सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असताना) गुरू मिथुन राशीत होता, विदर्भात मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. लंडनमध्ये तो फार तर साठ अंशांवर. डोक्यावरच्या ग्रहाचा प्रकाश सगळ्यात कमी हवेतून येतो, आणि हे आपल्याला फुकट मिळतं. ते घालवतो आपण स्लॅबवर दुर्बीण मांडून. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो आणि ती दुर्बिणीसमोरूनच वर चढते. आम्ही दुर्बीण हरभऱ्याच्या धुऱ्यावर नेली, आरसा थंड व्हायला तासभर दिला, दवापासून वाचवायला लॅपटॉपवर गोणपाट टाकलं. अकराच्या सुमाराला डुचमळणं कमी झालं आणि गुरूचे दोन्ही ठळक पट्टे स्क्रीनवर नुसत्या डोळ्यांना दिसू लागले. कॅमेरा तोच होता.