नट फिरतोय ना?

सीएनसी लेथवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या लेथवर, बोल्टसारखे आटे पाडायचा प्रोग्रॅम दोन ओळींचा असतो, ही गोष्ट आमच्या शेठना कुणीतरी सांगितली. तेव्हापासून आट्याच्या जॉबचं कोटेशन ते टपरीवर कटिंग पिता पिता देऊन टाकतात. "दोन ओळींचं तर काम आहे!"

त्या दोन ओळी लिहायच्या मला. भोसरीतल्या एका गाळ्यात मी सेटर आहे, मशीनला टूल आणि प्रोग्रॅम लावून देणारा. म्हणजे मशीन चाललं तर ऑपरेटर हुशार आणि अडलं तर "सेटर कुठे गेला?"

आता त्या ओळी बघाच. एम 20, म्हणजे 20 मिलिमीटर व्यासाचा; दीडचा पिच, म्हणजे एका आट्यापासून दुसरा दीड मिलिमीटरवर; साधा आटा. जी 76, त्यापुढे पी आणि पिन कोडसारखे सहा आकडे: 021060. पहिले दोन आकडे म्हणजे शेवटचे पास (टूलचे हात) किती, मधले दोन म्हणजे टूलने शेवटी तिरकं किती निघायचं, उरलेले दोन म्हणजे आट्याचा कोन. दुसऱ्या ओळीत एक्स 18.16, म्हणजे आट्याच्या तळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये, पॉइंट देऊन. त्याच ओळीत आट्याची खोली पी 920, मायक्रॉनमध्ये, बिनपॉइंटची. एकाला पॉइंट लागतो, शेजारच्याला खपत नाही. आमच्या मशीनवर एक्सचा पॉइंट राहिला तर 20 मिलिमीटरचे 20 मायक्रॉन होतात आणि टूल थेट जॉबच्या पोटात शिरायला निघतं. ज्याने हे ठरवलं त्याचं त्या दिवशी घरी वाजलेलं असणार.

एरवी मशीनवर माझा शब्द चालतो. टर्निंग सुरू असताना धास्ती वाटली तर नॉब फिरवून फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, कमी करावा, फारच वाटली तर फीड होल्ड दाबून टूल थांबवावं. आटे सुरू झाले की आपली सत्ता संपली. नॉब शून्यावर न्या, नाहीतर काढून खिशात घाला, फीड शंभर टक्केच. जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलच्या एका फेऱ्याला टूल दीड मिलिमीटरच सरकलं पाहिजे. शिवाय प्रत्येक पास स्पिंडलची जागा सांगणाऱ्या एन्कोडरचा इशारा आल्यावर त्याच जागेवरून सुरू झाला पाहिजे, नाहीतर आट्यावर दुसरा आटा चढतो. म्हणून फीड होल्ड दाबला तरी मशीन आधी चालू पास पुरा करतं आणि मग थांबतं. ऐकलं, पण सवडीने.

हजार आरपीएमला हे टूल मिनिटाला दीड मीटर पळतं, म्हणजे 25 मिलिमीटरचा आटा एका सेकंदात. समोर कॉलर, म्हणजे जॉबचाच जाड खांदा. कॉलरच्या अलीकडे ग्रूव्ह, म्हणजे खाच, त्याची रुंदी तीन मिलिमीटर. टूलने तिथेच मागे फिरायचं. तो सेकंदभर मी दाराच्या काचेला नाक लावून उभा असतो. आत दुधाळ कूलंटचा नुसता धबधबा, त्यात टूलही दिसत नाही आणि जॉबही. असे आठ-नऊ पास.

माझ्यामागे काका उभे असतात. काकांनी उभी हयात साध्या लेथवर काढली. लीड स्क्रूवर, म्हणजे टूल सरकवणाऱ्या लांब स्क्रूवर, हाफ नट टाकायचा, डायलचा आकडा जुळला की पकडायचा, आट्याच्या शेवटाला उचलायचा. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला 127 दात्यांचा गिअर चढवायचा. हे सगळं त्यांना झोपेतही येतं. सीएनसीबद्दल त्यांचं मत एका शब्दाचं आहे: "वाजतंय." म्हणजे टूल थरथरून आवाज करतंय. पहिल्या पासला म्हणतात, "वाजतंय." शेवटच्या पासलाही तेच. वैताग असा, की बहुतेक वेळा खरंच वाजत असतं.

पहिला पीस झाला की खरी परीक्षा. एकदा चकमधून, म्हणजे मशीनच्या पकडीतून, काढलेल्या जॉबला पुन्हा तोच आटा पकडणं हे महाकटकटीचं काम. म्हणून आटा तपासायचा गेज मशीनवरच लावायचा, असा नियम मी पाटीवर लिहून लावलाय. पाटीखाली उभं राहून शेठ जॉब काढतात, पुसतात आणि खिशातून एक नट काढतात. हा नट बहुधा गाळ्याच्या पूजेपासून त्यांच्याकडे आहे. झिजून इतका उदार झालाय की त्यात कुठलाही आटा मावतो.

"नट फिरतोय ना? मग झालं तर!"

मॅडम इन्स्पेक्शनच्या टेबलावरून मानही वर करत नाहीत. "शेठ, रिंग गेज लागतो." गो रिंग शेवटपर्यंत गेली पाहिजे आणि नो-गो फेरा-दोन फेऱ्यांत अडकली पाहिजे. अख्ख्या गाळ्यात एखादी गोष्ट अडकली म्हणून आनंद होतो तो फक्त इथे.

एकदा 6जीच्या (आट्याच्या मापाला किती सूट चालते, त्याचा हा वर्ग) गेजमध्ये सगळा लॉट पास झाला, झिंक प्लेटिंगला गेला, तिथून कस्टमरकडे. दुसऱ्या दिवशी फोन आला: गो जात नाही, माल उचला. आम्ही तिघे गेलो. तिथल्या साहेबांकडे तोच 6जीचा गेज, पण तो प्लेटिंगनंतर लावलेला. आता 60 अंशांच्या आट्यावर आठ मायक्रॉनचा थर बसला की पिच डायमीटर (आट्याच्या मध्यावरचा व्यास) त्याच्या चौपट, म्हणजे 32 मायक्रॉन वाढतो. 6जी मध्ये एम 20 दीडला नेमकी 32 मायक्रॉनची मोकळीक ठेवलेली असते, ती याच थरासाठी. ड्रॉइंगवर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर 6जी प्लेटिंगच्या आधी बघायचा आणि नंतर 6एचच्या, म्हणजे ही मोकळीक न ठेवलेल्या, गो गेजने. आट्यांच्या आयएसओ 965 या स्टँडर्डमध्ये तसं आहे. मी कागदावर त्रिकोण काढून हे समजावलं. मॅडमनी स्टँडर्डचं पान उघडून समोर ठेवलं.

साहेबांनी पान बघितलं. "ते ठीक आहे हो. पण गो जात नाहीये ना!"

तेवढ्यात शेठनी नट काढला. सर्रकन फिरला. साहेबांनी स्वतः फिरवून बघितला, परत फिरवला, आणि डेव्हिएशनच्या, म्हणजे माल आहे तसा चालेल अशा, कागदावर सही केली. माझा त्रिकोण त्याच कागदाच्या मागे राहिला.

पुढच्या लॉटला मी वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेसाठी ठेवलेल्या दुरुस्तीत, तीस मायक्रॉन खाली घेतले. आता प्लेटिंगआधी, प्लेटिंगनंतर, कुणाचाही गेज आणा, सगळं पास. माल गेला, बिलही निघालं. शेठ भलतेच खूश. परवा त्याच कस्टमरचं नवं ड्रॉइंग घेऊन आले. तोच जॉब, तीच कॉलर, फक्त आटे डावे. टूल ग्रूव्हमध्ये उतरवून कॉलरपासून बाहेरच्या बाजूला न्यायचं, नाहीतर स्पिंडल उलटा फिरवून टूलही उलटं लावायचं. ग्रूव्हमधून निघायचं तर वेग धरायला जागा तेवढीच, तीन मिलिमीटर.

"भाव सांगून टाकलाय," शेठ म्हणाले. "त्याच दोन ओळी आहेत, फक्त उलट्या लिही."