ओपिऑइडचे खटले, कंपन्यांची कर्जे आणि शेअरचे भाव

२६ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या खटल्यात न्यायाधीश थॅड बाल्कमन यांनी जॉन्सन अँड जॉन्सनला ५७ कोटी २० लाख डॉलर भरण्याचा आदेश दिला. ओपिऑइड म्हणजे अफूसारख्या, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांचा दिशाभूल करणारा प्रचार केल्याचा ठपका कंपनीवर आला, आणि तरीही बाजार बंद झाल्यानंतरच्या व्यवहारांत तिचा शेअर वधारला. मला ते तेव्हा खटकले आणि आजही खटकते. हिशेब मात्र उघड होता. राज्याची मागणी सुमारे १७ अब्ज डॉलरची होती, आणि आदेशातली रक्कम कंपनीच्या वर्षाच्या विक्रीच्या एक टक्क्याहूनही कमी होती. (नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकालही रद्द केला.)

गुंतवणूकदाराला धास्ती असते ती आकडा ठाऊक नसण्याची. मॅकेसन, कार्डिनल हेल्थ आणि अमेरिसोर्सबर्गन या तीन औषध वितरकांनी २०२२ मध्ये ओपिऑइडच्या खटल्यांत २१ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड पक्की केली, पण ती १८ वर्षांत फेडायची असल्याने वर्षाचा हप्ता त्यांना सहज पेलणारा ठरला, आणि मॅकेसनचा भाव २०२४ अखेरपर्यंत दुपटीच्या वर गेला.

तरीही “तडजोड झाली, आता शेअर घ्या” असा सल्ला सरसकट देणाऱ्यांशी माझे पटत नाही. खटल्याची रक्कम पाहण्याआधी ताळेबंदातले कर्ज पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण मॅलिनक्रॉट या ओपिऑइड बनवणाऱ्या कंपनीचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिच्यावर खटल्यांचे ओझे होतेच, शिवाय अब्जावधी डॉलरचे कर्जही होते. ऑक्टोबर २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जून २०२२ मध्ये ती त्यातून बाहेर पडली, तेव्हा जुने शेअर रद्द झाले आणि भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही. दिवाळखोरीच्या रांगेत भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो, हे तडजोडीच्या बातम्यांत कोणी सांगत नाही.

पण त्या रांगेत पीडितही होते. ओपिऑइडच्या दाव्यांसाठी उभारलेल्या न्यासाला कंपनीने १.७ अब्ज डॉलर कबूल केले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये ती दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली आणि कर्ज देणाऱ्यांशी झालेल्या करारात न्यासाच्या रकमेतले सुमारे एक अब्ज डॉलर कमी झाले.