बोर्डाचं घड्याळ पुढे पळतंय? सेल बदलून ते थांबणार नाही

एम्बेडेड लिनक्सवर (उपकरणांतल्या छोट्या बोर्डांवर चालणारं लिनक्स) काम करणाऱ्यांत एक सल्ला कायम फिरत असतो: "बोर्डाची वेळ चुकते? आरटीसीचा सेल बदला, सीपीयूचा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, तरीही जमलं नाही तर क्रॉनमधून दर तासाला एनटीपीने वेळ जुळवा." आरटीसी म्हणजे सेलवर चालणारी घड्याळाची चिप, गव्हर्नर म्हणजे सीपीयूची गती ठरवणारी सेटिंग, क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम आणि एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची पद्धत. या सल्ल्यात घड्याळ नेमकं किती चुकतंय हे कुणी विचारतच नाही. खरं तर निदान त्या आकड्यातच असतं.

बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डाच्या आराखड्यावरून बनवलेला, एएम335एक्स प्रोसेसरचा बोर्ड घ्या. मुख्य क्रिस्टल (प्रोसेसरला ठोके देणारं स्फटिक) हवं 24 मेगाहर्ट्झचं. इथरनेटच्या फाय चिपला (केबलवर सिग्नल पाठवणारी चिप) 25चं लागतं, म्हणून दोन्ही जागी 25चंच बसवलं गेलं. टायमर 25च्या गतीने मोजतो आणि कर्नल (लिनक्सचा मुख्य भाग) मात्र ते 24 समजून भागतो. परिणाम: तासाला 150 सेकंद, म्हणजे दिवसाला पूर्ण एक तास पुढे.

सेलचा मुद्दा आधी संपवू. आरटीसीची वेळ बूट होताना एकदा वाचली जाते. त्यानंतर सिस्टिमचं घड्याळ प्रोसेसरमधल्या टायमरवर चालतं. सेल संपला तर बोर्ड बंद असताना वेळ हरवेल, चालू असताना गती बदलणार नाही. उलट आरटीसीला स्वतःचं 32.768 किलोहर्ट्झचं क्रिस्टल असेल तर ती तुमची साक्षीदार आहे. एनटीपी बंद करा (नाहीतर कर्नल आरटीसीतही वेळ लिहीत राहतो), 'एचडब्ल्यूक्लॉक -आर' (आरटीसीची वेळ) आणि 'डेट' (सिस्टिमची वेळ) या आज्ञांच्या उत्तरांतला फरक टिपून ठेवा, तासाभराने पुन्हा बघा. ते छोटं क्रिस्टल 20 पीपीएमने (दहा लाखांत 20 भागांनी) चुकलं तरी दिवसाला पावणेदोन सेकंदच. त्याच्यासमोर 150 सेकंद लपत नाहीत.

गव्हर्नरच्या सल्ल्यात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्या चिपांसाठी. कॉर्टेक्स-ए9 या प्रोसेसर-गाभ्याचा ग्लोबल टायमर सीपीयूच्याच क्लॉकवरून निघतो, त्यामुळे तिथे सीपीयूची गती बदलली की मोजणी बिघडू शकते. एएम335एक्समधल्या ए8 गाभ्याची वेळ मोजणारा टायमर थेट मुख्य क्रिस्टलवर चालतो. रास्पबेरी पाय 3 किंवा 4चा जेनेरिक टायमरही सीपीयूच्या गतीवर अवलंबून नसतो. फरक ओळखणं सोपं आहे: बोर्ड रिकामा असो वा पूर्ण भाराखाली, चूक त्याच प्रमाणात येत असेल तर गव्हर्नरचा संबंध नाही. भाराबरोबर बदलत असेल तर सिसएफएसमधली (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलींची जागा) 'करंट_क्लॉकसोर्स' फाइल बघा, कर्नल वेळ कशावरून मोजतो ते ती सांगते. तिथे 'जिफीज' (टायमरचे इंटरप्ट मोजून वेळ धरणं) दिसलं, तर इंटरप्ट चुकल्यामुळे वेळ मागे पडत असण्याची शक्यता मोठी.

आता एनटीपी. सगळ्यात जास्त नुकसान हाच उपाय करतो, कारण तो लागू पडल्यासारखा वाटतो. एनटीपीडी हा एनटीपीचा प्रोग्राम गतीत जास्तीत जास्त 500 पीपीएमची दुरुस्ती करतो, म्हणजे दिवसाला 43 सेकंद. आपली चूक आहे 41,667 पीपीएम. त्याच्या ड्रिफ्ट फाइलमध्ये (गतीची चूक नोंदवणारी फाइल) आकडा 500वर अडकलेला दिसला की समजा, एनटीपीने हात टेकले. क्रोनी हा दुसरा एनटीपी प्रोग्राम टिकची (कर्नलच्या वेळेच्या ठोक्याची) लांबीच बदलतो, त्यामुळे तो इतकी मोठी चूकही झाकू शकतो. क्रॉनचा मार्ग तर दर तासाला घड्याळ अडीच मिनिटं मागे ओढतो: लॉगमध्ये तीच वेळ दोनदा येते, सॉफ्टवेअर बिल्ड करणारा मेक 'क्लॉक स्क्यू'ची (फाइलींच्या वेळा जुळत नसल्याची) तक्रार करतो. आणि मोनोटॉनिक घड्याळ (कधी मागे न जाणारं, लोटलेला काळ मोजणारं) अशा उडीने सुधारतच नाही. 'स्लीप 60' खऱ्या 57.6 सेकंदांत संपतं. टाइमआउटही तितकेच तोकडे.

पण वेळ हे फक्त लक्षण. बूटलोडरने (कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) पीएलएल (क्रिस्टलवरून जास्त गतीची क्लॉक बनवणारी सर्किटं) 24 धरून लावलेत, म्हणून 1 गिगाहर्ट्झचा गाभा सुमारे 1042 मेगाहर्ट्झवर पळतोय आणि 400ची डीडीआर मेमरी 417वर. हायस्पीड यूएसबीला 500 पीपीएमपलीकडची चूक चालत नाही, त्यामुळे यूएसबी ओळखली जात नाही. इथरनेटच्या फायला वेगळं क्रिस्टल असल्याने ते चालू राहतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. सीरियल कन्सोलवर मधूनच कचरा अक्षरं येतात. इथे एक झटपट परीक्षा आहे: टर्मिनलचा बॉड रेट (सेकंदाला बिटांची गती) 115200ऐवजी 120000 करा. मजकूर स्वच्छ आला तर दोष मुख्य क्लॉकमध्येच.

खात्री करायला यू-बूट या बूटलोडरमध्ये 'एमडी.एल 0एक्स44ई10040 1' द्या. उत्तरातले 22 आणि 23 क्रमांकाचे बिट चिपची समजूत सांगतात: 0 म्हणजे 19.2, 1 म्हणजे 24, 2 म्हणजे 25, 3 म्हणजे 26 मेगाहर्ट्झ. मग क्रिस्टलच्या डब्यावर छापलेला आकडा वाचा. दोन्ही जुळले नाहीत तर कारण सापडलं. क्रिस्टलला जोडलेले लोड कपॅसिटर बदलत बसू नका, त्यांच्या चुकीने काही दहा पीपीएम हलतात, 4 टक्के नाही.

मोजके बोर्ड असतील तर 24चं क्रिस्टल लावणं सर्वांत सुरक्षित. 25च ठेवायचं असेल तर चिपला क्रिस्टलची गती सांगणाऱ्या पिनांपैकी सिसबूट15 वर ओढा (व्होल्टेज उच्च ठेवा), सिसबूट14 खाली, आणि जुन्या यू-बूटमध्ये 'व्ही_ओएससीके' 24000000 असं लिहून ठेवलेलं असतं, तेही बदलून पुन्हा बिल्ड करा.

मूळ बीगलबोनवरही हा दोष येऊ शकतो. हेच दोन सिसबूट पिन पी8 हेडरवर 31 आणि 32 म्हणून बाहेर येतात. तिथे जोडलेल्या सर्किटने पॉवर येताना 31 खाली ओढला तर चिप 19.2 समजते आणि घड्याळ तासाला 15 मिनिटं पुढे जाऊ शकतं. अशा वेळी आधी ती जोडणी काढून बोर्ड बंद-चालू करा. नुसत्या रीबूटवर विसंबू नका, कारण हे पिन पॉवर-ऑन रीसेट सुटतानाच वाचले जातात.